पाण्यांतील तोल

आम्ही राहतों त्या विष्णुपुरीस गोदावरी अडवून मोठा जलाशय केलेला आहे. शंकरसागर हें त्याचें नांव. सायंकाळीं त्या बाजूस फिरावयास जाण्याचा आमचा परिपाठ आहे, आणि पाण्याविषयीं जें समजावयाचें तें आपणांस समजलें आहे अशीच आमची समजूत होती. ती गेल्या दिवाळींत आमच्या नातीनें घालविली. हकीकत घरगुती आहे. परंतु हल्लीं घरोघरचीं मुलें समुद्राच्या तळाशीं जाऊन येण्याच्या गोष्टी बोलूं लागलीं आहेत, तेव्हां ती वाचकांच्या कानांवर घालावी असें वाटतें.

नात पुण्यास नोकरी करते. तिनें मालवणास स्कूबा शिकावयास आरंभ केला होता. पाठीवर दाबलेल्या हवेचें नळकांडें, तोंडांत नळी, अंगांत हवेनें फुगविण्याचें जाकीट, पायांत रबरी फिन्स आणि कमरेस शिशाचा पट्टा अशा थाटानें पाण्याखालीं हिंडण्याची ही विद्या. श्वासाबरोबर हवी तेवढीच हवा देणारें यंत्र कूस्तो व गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं सिद्ध केलें, तेव्हांपासून ती सामान्य माणसाच्या आटोक्यांत आली. आपल्या महाराष्ट्रांत तिचें मुख्य ठिकाण मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि तेथील समुद्राचा कांहीं भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून राखण्यांत आला. जवळच तारकर्लीस पर्यटन विकास महामंडळाची शिक्षणसंस्थाहि आहे. केवळ मौजेसाठीं गेलेल्या प्रवाशास शिक्षक धरूनच खालीं नेतो. पण जो विद्या शिकूं जातो त्याला आपला तोल आपणच सांभाळावा लागतो. आमच्या नातीचें घोडें अडलें तें येथेंच.

दिवाळीस ती घरीं आली ती खिन्न. पंचवीस मिनिटांत तिची हवा संपत येई, सोबत्यांची मात्र निम्मी शिल्लक असे, आणि तिच्यापायीं सर्वांस वर यावें लागे. पोटऱ्यांत गोळे येत. पायांच्या फटकाऱ्यानें वाळू उडून मागच्याला कांहीं दिसेनासें होई. एकदां तिचा पाय लागून प्रवाळाची एक फांदी मोडली. त्याचें तिला सर्वांत वाईट वाटत होतें. "मला हें जमायचं नाही, आजोबा," असें ती म्हणाली तेव्हां घरांत सभाच भरली. आत्याबाईंचें मत, समुद्र हें मुलींचें काम नव्हे. तिच्या वडिलांनीं निदान केलें कीं, ती भिते म्हणून श्वास जास्त लागतो. आणि सांगावयास लाज वाटते, आम्हींहि मान डोलाविली.

रात्रीं तिनें सोबत्यानें घेतलेलें चलच्चित्र आम्हांस दाखविलें. पाहतों तों इतर मंडळी पाण्यांत सतरंजीवर पालथें पडावें तशीं आडवीं, आणि ही मात्र शिडी चढणाऱ्या माणसासारखी तिरपी. छाती वर, पाय खालीं, आणि ते सारखे चाललेले. आम्हीं विचारलें, "पाय थांबविलेस तर काय होतं?" ती म्हणाली, "खालीं जाते." हें ऐकतांच आम्हांस आमचा डबा आठवला.

आमच्या लहानपणीं विहिरींत पोहावयास शिकवितांना पाठीस तोंड झाळलेला रिकामा डबा बांधीत. पहिल्या दिवशीं तो चुकून कमरेच्या खालीं बांधला गेला. उडी टाकतांच बूड वर आणि डोकें पाण्यांत! चार घोट पाणी प्यालों. काकांनीं वर ओढून घेतलें, एक शब्द न बोलतां गांठ चार बोटें वर सरकविली आणि पुन्हां ढकलून दिलें. डबा तोच, विहीर तीच. पण या खेपेस आम्ही तरंगलों.

नातीची अडचण त्याच जातीची, फक्त उलट्या दिशेची. पाणी माणसाला वर उचलतें. त्या उचलण्याचें मध्यस्थान छातीकडे असतें, कारण फुप्फुसांत हवा आहे. वजनाचें मध्यस्थान त्याहून खालीं, ओटीपोटाच्या आसपास. हीं दोन्ही स्थानें एका ओळंब्यांत येईपर्यंत शरीर पाण्यांत फिरत राहतें. त्यांत कमरेला शिसें बांधलें कीं पाय आणखीच खालीं जातात. आमच्याकडचा गाडीवान हें कोणत्याहि शाळेंत न जातां जाणतो. माल मागें जास्त झाला कीं गाडी उलाळ होते आणि जूं बैलांच्या मानेवरून उचललें जातें. तो माल कमी करीत नाहीं, चार पोतीं पुढें ओढतो.

शिसें किती, असें विचारतां आठ किलो असें उत्तर आलें. पुढें दोन दिवस तिचें शिकण्याचें पुस्तक आम्ही तिच्याकडून समजून घेत होतों. त्यावरून दिसलें कीं नवख्याला चटकन खालीं नेतां यावें म्हणून कित्येकदां शिसें जरुरीपेक्षां जास्त दिलें जातें. मग तें जास्तीचें वजन पेलण्यासाठीं जाकिटांत हवा भरावी लागते. जाकीट छातीला वर ओढतें, पट्टा कमरेला खालीं ओढतो, आणि माणूस तिरपा होतो. तिरपें शरीर पाण्याला रुंद आडवें येतें, म्हणून पुढें जावयास श्रम अधिक. शिवाय लाथेचा अर्धा जोर वर चढण्यांत जातो व उरलेला तळाची वाळू उडवितो. हवा लवकर संपत होती ती भीतीनें नव्हे, या हमालीनें. घरच्या तिघां वडील माणसांचें निदान चुकलें होतें.

म्हणून आधीं वजन किती हें ठरवावें, मग तें कोठें हें पाहावें. पहिल्याची परीक्षा अशी. नळकांडें जवळजवळ रिकामें झालें असतां, जाकिटांतील सर्व हवा सोडून, साधा श्वास घेऊन पृष्ठभागीं स्वस्थ राहावें. पाण्याची रेघ डोळ्यांशीं यावी आणि श्वास सोडतांच सावकाश खालीं जावें. रिकामें कां, तर हवेलाहि वजन आहे. अकरा लिटरच्या नळकांड्यांत २०० बार दाबानें कोंडलेली हवा अडीच किलोंहून जास्त भरते. ती संपतां संपतां माणूस हलका होतो. तलावांत जुळलेलें वजन समुद्रांतहि चालत नाहीं. गोड्या पाण्याच्या लिटराहून खारें पाणी सुमारें २५ ग्रॅम जड, म्हणजे साहित्यासह ८० लिटर जागा व्यापणाऱ्याला समुद्रांत दोन किलो शिसें अधिक लागणार.

दुसरी गोष्ट आम्हीं तिला हौदांत दाखविली. औषधाची रिकामी बाटली घट्ट बंद करून तिच्याभोंवतीं रबरानें खिळे बसविले, इतके कीं ती जेमतेम तरंगावी. खिळे बुडाकडे सरकविले तशी बाटली उभी राहिली. मध्यावर आणतांच आडवी झाली. खिळा एकहि कमीजास्त केला नव्हता. सौभाग्यवतींनीं हौदांत गंज पडला म्हणून बोल लाविला तो वेगळाच.

तेव्हां शिसें बेताचें करून त्यांतील दोन किलो पट्ट्यावरून काढून नळकांड्याच्या वरच्या पट्ट्यावर घालावें, नळकांडें तीन बोटें डोक्याकडे घ्यावें, गुडघे वांकवून पावलें वर उचलावीं, हात पुढें व मान वर ठेवावी, असें ठरलें. मात्र सगळेंच शिसें वर नेऊं नये; संकटसमयीं झटकन टाकून देतां येईल असें कांहीं कमरेस असलेंच पाहिजे.

प्राणायाम जाणणारांस एक गंमत सांगतों. पूरकानें माणूस किंचित् वर येतो, रेचकानें खालीं जातो. एक लिटर हवेमागें सुमारें एक किलोचा फरक पडतो. पण कुंभक येथें सर्वथा वर्ज्य. दहा मीटरांवरून श्वास कोंडून वर आल्यास छातींतील हवा दुप्पट फुगूं पाहते आणि फुप्फुस फाटून प्राणावर बेततें. आमचे एक आप्त कुंभकाच्या मिनिटांची बढाई मारीत असतात. त्यांना आम्हीं मालवणास जाऊं नये असें कळविलें आहे.

मार्गशीर्षांत नात पुन्हां गेली. शिक्षकांसमोर परीक्षा केली तों पांच किलो पुरे झाले. त्या रात्रीं तिचा फोन आला. चाळीस मिनिटें पाण्यांत होती आणि वर आली तेव्हां ७० बार हवा शिल्लक. मध्येंच पाय न हालवितां एका खडकासमोर थांबून तिनें मासे पाहिले म्हणे. आत्याबाईंनीं फोन घेऊन, मासे कोणत्या रंगाचे होते, एवढेंच विचारलें.

बाटलीचा प्रयोग वाचकांनीं घरीं अवश्य करावा. मुलांना मात्र हौदापाशीं एकटें सोडूं नये, आणि खिळे गंजण्यापूर्वीं काढावे.