विश्लेषण : पानात टाकलेल्या वाटीभर भाताची खरी किंमत किती?

लग्नाच्या पंगतीत पानात टाकलेला वाटीभर भात पिंपात जातो. त्याचे पैसे यजमानांनी मोजलेले असतात, म्हणून हिशेब संपला असे वाटते. पर्यावरणाचा हिशेब मात्र संपलेला नसतो.

ताटाआधी काय खर्च झाले?

एक किलो तांदूळ पिकायला जागतिक सरासरीने सुमारे २,५०० लिटर पाणी लागते. यात पावसाचे पाणीही आले. वाटीभर भाताला साधारण ५० ग्रॅम तांदूळ धरला, तरी सव्वाशे लिटर होतात. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोजचे उद्दिष्ट आहे ५५ लिटर! शिवाय युरिया बनतो तो नैसर्गिक वायूपासून, पंपाला वीज लागते आणि पाणी तुंबवलेल्या भातखाचरातून मिथेन निघतो तो वेगळाच.

पिंपानंतर काय होते?

क्षेपणभूमीच्या ढिगाखाली हवा पोहोचत नाही. तिथे अन्न ऑक्सिजनविना कुजते आणि पुन्हा मिथेनच तयार होतो. २० वर्षांच्या काळात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ८०पटींहून अधिक उष्णता अडवतो. तो ज्वलनशीलही आहे, त्यामुळे अशा ढिगांतली आग विझवणे कठीण जाते. जानेवारी २०१६मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर मुंबईकरांनी कित्येक दिवस सोसला. परिसरातल्या शाळाही बंद ठेवाव्या लागल्या.

खत केले की प्रश्न सुटतो?

अर्धाच. खत किंवा बायोगॅस प्रकल्पामुळे पिंपानंतरचे नुकसान टळते. शेतात गेलेले पाणी, वीज, युरिया काही परत येत नाही. तरीही पालिकांच्या मोहिमा ओला-सुका कचरा वेगळा करण्यापाशीच थांबतात. सोसायटीत खताचा खड्डा आहे म्हणून चार वाट्या जास्त रांधायला हरकत नाही, असा समज त्यातूनच होतो.

मग सुरुवात कुठून?

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले (यात साली, हाडेही धरली आहेत). त्यातले ६० टक्के घरांतून. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो. पण घरोघरी वजनकाटा बसवता येणार नाही. मंगल कार्यालयात आणि हॉटेलात येतो. शिजवलेले किती उरले, याची रोजची नोंद त्यांना सक्तीची करावी आणि कचरा उचलण्याचे शुल्क त्या वजनावर आकारावे. केटररशी किमान ताटांचा आकडा ठरवताना यजमान मग दोनदा विचार करतील.