फेस बसू द्या

बंदर-बाजार

रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभ्या राहिलेल्या पिढीला हे दृश्य पाठ आहे. दुकानदार पिंपातलं रॉकेल उपसून मापात ओततो, वर फेस येतो, माप काठोकाठ भरलेलं दिसतं आणि तो ते झटकन नरसाळ्यात उपडं करतो. घरी पाहावं तर डब्यात दोन बोटं तेल कमी. आई बजावून पाठवायची, ‘फेस बसल्याशिवाय ओतू देऊ नकोस.’

जहाजांना तेल पुरवण्याच्या धंद्यात या फेसाला ‘कॅपुचिनो’ म्हणतात. बार्जवरून जड तेल जहाजावर चढवताना नळीत हवा सोडली की टाकीतली पातळी फुगते. पातळी मोजायची जुनी रीत म्हणजे साउंडिंग. टोकाला पितळी वजन असलेली फीत तळाला टेकेपर्यंत सोडायची, वर ओढायची, तेलाची खूण वाचायची आणि तक्त्यावरून घनमीटर काढायचे. फितीवर बुडबुडे दिसले की मुरलेला चीफ इंजिनिअर पावतीवर सही करायला घाई करत नाही. शिवाय हे तेल गरम ठेवल्याशिवाय पंपातून सरकत नाही आणि गरम झालं की प्रसरण पावतं. म्हणून तापमान पाहून, घनतेने गुणून टन काढावे लागतात.

आजवर हे भांडण पैशांचं होतं. आता त्याच टनांवर हवेचाही हिशेब उभा आहे. जहाजाच्या धुरांड्याला मीटर लावून कार्बन डायऑक्साइड मोजणं जवळपास कुणी करत नाही. जाळलेलं तेल गुणिले ठरलेला गुणक, एवढंच गणित. जड तेलासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा गुणक आहे 3.114. एक टन तेलातून तीन टनांहून जास्त वायू कसा, तर तेलातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. 12 भार कार्बनचा 44 भार वायू होतो. दिवसाला 50 टन तेल खाणारं जहाज रोज सुमारे 156 टन वायू सोडतं. 5000 ग्रॉस टनेजच्या वरच्या जहाजांना 2019 पासून वर्षभराच्या तेलाचा हिशेब द्यावा लागतो.

गुणक तीन दशांश स्थळांपर्यंत नेमका, आणि ज्याला गुणायचं तो आकडा मात्र बहुतेकदा फितीवरून आलेला! हजार टनांत 2 टक्के चुकलं तर 62 टन वायू इकडचा तिकडे होतो.

आता यात पैसाही आला आहे. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला माल नेणाऱ्या जहाजाच्या त्या फेरीतला निम्मा कार्बन युरोपच्या कार्बन-परवान्यांच्या बाजारात मोजला जातो. 2024 च्या हिशेबातल्या 40 टक्के, 2025 च्या 70 टक्के आणि 2026 पासून सगळ्या टनांचे परवाने घ्यायचे. इथे काटा उलटा झुकतो. तेल विकणाऱ्याला आकडा फुगलेला हवा. जहाजवाल्याला जाळलेल्या तेलाचा आकडा जितका बारीक, तितका बरा. हिशेब तपासणारी संस्था नेमतो जहाजवालाच, आणि तिची फीही तोच भरतो.

यावर उतारा आहे, आणि तो कागदी नाही. सिंगापूरने 2017 पासून जड तेल देणाऱ्या बार्जवर मास फ्लो मीटर सक्तीचा केला. नळीच्या कंपनांवरून हा मीटर वाहत्या तेलाचं वस्तुमानच मोजतो आणि हवा मिसळली तर तेही उघडं पडतं. रॉटरडॅम आणि अँटवर्पनेही 2026 पासून तीच वाट धरली. मुंबई, न्हावाशेवा, कांडला इथल्या तेल देणाऱ्या प्रत्येक बार्जवर असा मीटर हवा. छोट्या बार्जवाल्यांना तो महाग पडेल हे खरं. त्यासाठी मुदत द्या, कर्ज द्या, पण सूट नको.

दुसरी मागणी त्याहून स्वस्त आहे. युरोप दरवर्षी जहाजाच्या नावानिशी आकडे सर्वांसाठी खुले करतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना नावं झाकून ठेवते. आपल्या बंदराला लागणाऱ्या जहाजांचे आकडे नावासकट वाचायला मिळाले, तर एकाच मापाची दोन जहाजं शेजारी ठेवून कुणाचा हिशेब खटकतो ते कोणालाही दिसेल.

‘म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?’ असं जहाजवाले विचारतील. आईने दुकानदाराला कधी चोर म्हटलं नाही. त्याच्याकडून वर्षानुवर्षं रॉकेल घेतलं, फक्त मापावरची नजर काढली नाही.