अचूकता कशाच्या तुलनेत?

मेंदूच्या प्रतिमांवरून यंत्राने पार्किन्सनचा आजार, म्हणजेच कंपवात, नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखला असे सांगणारे शोधनिबंध आता सातत्याने प्रसिद्ध होत आहेत. परंतु ही अचूकता कोणत्या प्रश्नाच्या उत्तराची आहे आणि ते उत्तर बरोबर असल्याचे कोणी ठरवले, हे तपासल्याखेरीज त्या आकड्याला वैद्यकात फारसे मोल देता येत नाही.

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये लंडन येथे या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे निदान आजही मुख्यत्वे डॉक्टरांच्या तपासणीवरच होते आणि त्यात हालचालींतील मंदपणा, स्नायूंचा ताठरपणा व हात स्वस्थ असताना होणारा कंप ही लक्षणे पाहिली जातात. मेंदूच्या देठात सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळसर पट्टा असतो. न्यूरोमेलॅनिन या रंगद्रव्यामुळे काळ्या दिसणाऱ्या त्यातील चेतापेशी डोपामिन हे रसायन तयार करतात, आणि त्याच पेशी या आजारात मरत जातात. हातापायांतील लक्षणे प्रथम जाणवतात तोवर या पेशींची व त्यांच्या तंतूंची मोठी हानी होऊन गेलेली असते, आणि तरीही नेहमीचा एमआरआय बहुधा निर्दोषच दिसतो.

ही हानी दाखवणाऱ्या तपासण्या आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये मान्यता दिलेल्या डॅटस्कॅनमध्ये शिरेतून दिलेले सौम्य किरणोत्सारी द्रव्य डोपामिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाला चिकटते. त्यामुळे निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखी आकृती उमटते, आणि कंपवातात तिची शेपटी नाहीशी होऊन केवळ ठिपका उरतो. भारतात याच हेतूने ट्रोडॅट स्कॅन व एफ-डोपा पेट स्कॅन केले जातात. मात्र मल्टिपल सिस्टिम अॅट्रोफी आणि प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या दोन आजारांतही हेच तंतू नष्ट होत असल्याने तेथेही ठिपकाच दिसतो. हे आजार सुरुवातीला कंपवातासारखेच भासतात, पण ते अधिक वेगाने बळावतात आणि लेव्होडोपा या मुख्य औषधाला फारसे जुमानत नाहीत. रुग्णाच्या दृष्टीने खरा पेच येथे आहे. अनेक वर्षे उपचार घेत असलेला रुग्ण आणि निरोगी माणूस यांतील फरक ओळखण्यासाठी न्यूरॉलॉजिस्टला यंत्राची गरज नसते, आणि तरीही कित्येक शोधनिबंधांतील यंत्रांकडून नेमके एवढेच काम करून घेतलेले असते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. मशीन लर्निंगमध्ये यंत्राला नियम सांगितले जात नाहीत. निदानाची चिठ्ठी लावलेल्या असंख्य प्रतिमा दाखवून त्यातून नियम शोधायला लावले जाते. ती चिठ्ठी डॉक्टरांनी लावलेली असते आणि तीच चुकीची असू शकते. लंडनच्या मेंदूपेढीतील मेंदूंवर 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हयातीत कंपवाताचे निदान झालेल्या 100 जणांपैकी 76 जणांच्याच मेंदूत मृत्यूनंतर त्या आजाराच्या खुणा सापडल्या. डॉक्टरांच्या निदानाशी शंभर टक्के जुळणारे यंत्र म्हणजे डॉक्टरांच्या चुकांसकट शिकलेले यंत्र होय.

म्हणूनच अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेले आणि 2025 मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झालेले संशोधन विशेष महत्त्वाचे ठरते. अमेरिका व कॅनडातील 21 केंद्रांवरच्या 249 रुग्णांचा त्यात समावेश होता. पाण्याचे रेणू मेंदूच्या ऊतींमध्ये कसे पसरतात हे मोजणाऱ्या डिफ्यूजन एमआरआयच्या आधारे यंत्राने कंपवात आणि वर उल्लेखिलेले दोन आजार यांत भेद केला, आणि पुढे ज्या 49 जणांच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी झाली त्यांपैकी 46 जणांच्या बाबतीत यंत्राचे उत्तर बरोबर ठरले. या संशोधनात प्रश्न योग्य होता आणि उत्तराची कसोटीही योग्य होती.

याउलट, आकडे फुगण्याचे एक कारण अगदी प्राथमिक स्वरूपाचे आहे. एका माणसाच्या एमआरआयमध्ये मेंदूचे अनेक काप असतात. त्यांतील काही काप यंत्राला शिकवण्यासाठी आणि उरलेले परीक्षेसाठी वापरले, तर यंत्र आजार ओळखत नाही, माणूस ओळखते. ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मधील 2021 च्या एका शोधनिबंधाने हे निर्विवाद दाखवून दिले. प्रतिमांना यदृच्छेने, म्हणजे निव्वळ निरर्थक चिठ्ठ्या लावूनही, अशा सदोष विभागणीत यंत्राची अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर गेली. तेव्हा विभागणी काप मोजून केली की माणसे मोजून, हे निबंधात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर वाचकाने त्यातील आकड्यावर विश्वास ठेवू नये, असे या स्तंभाचे ठाम मत आहे.

पुण्यातील सिम्बायोसिस आणि बंगळूरूची निम्हान्स या संस्थांतील संशोधकांनी 2019 मध्ये न्यूरोमेलॅनिन टिपणाऱ्या एमआरआयवर केलेले काम या संदर्भात आवर्जून वाचावे असे आहे. 45 कंपवातग्रस्त आणि 35 निरोगी व्यक्तींमध्ये फरक करताना त्यांच्या यंत्राची अचूकता सुमारे 80 टक्के आली. या संशोधकांनी कंपवातासारख्या इतर आजारांचे रुग्णही अभ्यासात घेतले आणि यंत्राने निर्णय घेताना सबस्टॅन्शिया नायग्राच्या कोणत्या भागाकडे पाहिले हेही दाखवले. रुग्णसंख्या लहान होती हे खरे. परंतु न तपासता येणाऱ्या 99 टक्क्यांपेक्षा अशा 80 टक्क्यांवर पुढचे काम उभे करणे अधिक सुरक्षित आहे.

ते पुढचे काम प्रयोगशाळेपुरते मर्यादित नाही. एका रुग्णालयातील स्कॅनरवर शिकलेले यंत्र दुसऱ्या स्कॅनरच्या प्रतिमांवर अडखळते, त्यामुळे अनेक शहरांतील रुग्णालयांनी प्रतिमा एकत्र करणे आवश्यक आहे. आणि त्या प्रतिमांवरील निदान अखेर खरे होते का, हे सांगणारे मेंदू उपलब्ध झाल्याखेरीज भारतातील कोणत्याही यंत्राची खरी परीक्षा होणार नाही. निम्हान्समध्ये मानवी मेंदूंचे संशोधनासाठी जतन करणारी पेढी आहे. मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढून घ्यावा लागत असल्याने हा निर्णय ऐनवेळी घेता येत नाही. म्हणून कंपवाताच्या रुग्णांनी मेंदूदानाचा विचार वेळीच करावा, आपल्या डॉक्टरांशी त्याविषयी बोलावे आणि आपली इच्छा घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी.