अंगावरचं कोण तोडतं?

"दात आले की गं पोराला, अजून अंगावर पाजतीस?" हे वाक्य आमच्याकडं बाईला कुणीही सुनावतं. सासू, जाऊ, पाण्याला आलेली शेजारीण, कुणीही. आणि दहाव्या महिन्यात तोडलं तर हीच तोंडं म्हणतात, "काय बाई काळजाची!" थोडक्यात, कधीही तोडा, चूक आईचीच. या न्यायाचा मला मनस्वी राग आहे.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते, तोडायचं कसं ते. काळा बोळ म्हणजे कोरफडीचा रस आटवून केलेला काळा, कडूजहर खडा. तो उगाळून छातीला लावायचा. बोळ नसला तर कडुलिंबाचा पाला वाटून. लेकरू सवयीनं येतं, तोंड लावतं, थुंकतं आणि आईच्या तोंडाकडं बघत राहतं. दोन-तीन रात्री रडून गप होतं. आईची छाती दगडासारखी होते, गाठी येतात, ताप भरतो. त्याची चौकशी कुणी करत नाही.

खरं तर दूध असं एकदम तोडू नये. आधी दुपारचं बंद करावं, मग सकाळचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी. यात महिना-दीड महिना सहज जातो. हे आमच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं. पण महिना कुणाकडं होता?

आमच्या बीड जिल्ह्यात बोळ उगाळायचा हंगाम असतो. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या भरतात. उचल आधीच घेऊन खर्च झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर. एक दिवस बसलं की खाडा, त्याचे पैसे कापतात. बाई अंधारात उठून भाकरी थापते, उजाडायच्या आत फडात असते. मोळी बांधता बांधता पाजायला बसली तर गाडी भरायची राहते. मग दीड वर्षाचं लेकरू गावी आजीकडं ठेवायचं ठरतं, आणि ठेवायचं तर आधी तोडायचं. लेकराला चावता येतं का, ते नीट जेवतं का, हे बघत नाहीत. गाडी कधी सुटणार, ते बघतात.

दुसरं एक कारण आहे, ते आमच्यात मोठ्यानं बोलत नाहीत. माझं अंगावरचं तेराव्या महिन्यात तोडलं, भावाचं अडीच वर्षांनी. आईला विचारलं तर ती सरळ म्हणाली, "तू पोरगी. तुझ्यावर लवकर दुसरं पाहिजे होतं. पाजत असलं की दिवस राहत नाहीत." अंगावर पाजताना पाळी लांबते, हे पहिल्या काही महिन्यांत बरंचसं खरं असतं. पण त्या खऱ्याचा उपयोग पोरीचं दूध तोडायला केला. ठरवलं आजीनं, मान डोलावली वडिलांनी, आणि बोळ लावला आईनं. गावात नाव मात्र आईचंच झालं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, पुढं वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त पाजा. अंगणवाडीच्या भिंतीवरही तेच असतं. चित्रातली बाई भिंतीला टेकून निवांत पाजत असते. तिच्या डोक्यावर मोळी मी कधी पाहिली नाही. 2017 साली सुधारलेल्या प्रसूती कायद्यानं 26 आठवड्यांची पगारी रजा दिली, 50 माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर सांगितलं. लेकरू 15 महिन्यांचं होईपर्यंत पाजायला दिवसातून दोन सुट्या तर आधीपासूनच होत्या. चांगलंच आहे. पण फडातल्या बाईचा मालक कोण? कारखाना म्हणतो, ही मुकादमाची माणसं. मुकादम म्हणतो, मी नुसता मधला.

तेव्हा बाईला व्याख्यानं देणं आता पुरे. दूध वाढवायला काय खावं, हे सांगणाऱ्यांनी आधी मुकादमाला जाऊन सांगावं, की तान्ह्याच्या आईला पाजायला दोन वेळा बसू दे, त्याचा खाडा धरू नको. फडाच्या कडंला एक छप्पर, एक झोळी आणि लेकरांवर नजर ठेवायला एक म्हातारी, तिची मजुरी कारखान्यानं द्यावी. आणि हे उचल घेतानाच कागदावर घ्यावं. गाडी सुटल्यावर कुणी ऐकत नाही.