ओझोन डे आणि सेमिनार हॉलचा एसी

मागच्या वर्षी १६ सप्टेंबरला आपल्या कॉलेजात ओझोन दिन साजरा झाला. पोस्टर स्पर्धा झाली, भाषणं झाली, समोसे झाले. शाळेत 'ओझोन लेयर इज लाइक अ‍ॅन अम्ब्रेला' असं घोकलेलं, त्यामुळे मी पृथ्वीच्या डोक्यावर छत्री काढली आणि चक्क दुसरं बक्षीस मिळालं. तेव्हा पुढे जे लिहितेय ते स्वतःला धरूनच लिहितेय.

पुढच्याच आठवड्यात सेमिनार हॉलच्या जुन्या विंडो एसीचा कॉम्प्रेसर बदलायला मेकॅनिक आला. त्याने पाइप कापला आणि फुस्सऽऽ! सगळा गॅस हवेत. मी म्हटलं, "दादा, असाच सोडता?" तर म्हणाला, "ताई, जुना गॅस, त्याचं काय लोणचं घालायचं? नवीन भरतो ना!" मी गप्प बसले. भिंतीवर माझी छत्री अजून चिकटलेली होती.

एसीच्या प्लेटवर आर-२२ लिहिलं होतं. हा एचसीएफसी गटातला गॅस. जुन्या सीएफसीपेक्षा ओझोनला बराच कमी मारक, पण निरुपद्रवी मुळीच नाही. त्यातला क्लोरीन वर पोहोचला की ओझोनचा रेणू फोडतो आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्या रेणूकडे जातो. शिवाय एक किलो आर-२२ म्हणजे तापमानवाढीच्या हिशोबात सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइड! आपण होस्टेलचे दिवे बंद करून किती वाचवतो?

मेकॅनिकला दोष देणं सोपं आहे. पण त्याला गॅस परत भरून घ्यायचं मशीन कोणी दिलं? त्यात जाणाऱ्या तासाभराचे पैसे कोण देणार? टेंडरमध्ये ती ओळच नसते.

खरं तर ओझोनची गोष्ट ही माणसाने वेळेत शहाणपणा केल्याची दुर्मिळ गोष्ट आहे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सीएफसीचा धोका सांगितला, तेव्हा कंपन्यांनी तो उडवून लावला. १९८५ मध्ये फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरची घट जगासमोर मांडली आणि दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ ला, माँट्रियलचा करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात आला. आता अंदाज असा की अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. तेव्हा मी साठी ओलांडलेली असेन. (जाता जाता: भारतीय हवामान खात्यातल्या अ‍ॅना मणी यांनी फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोन मोजणारं उपकरण देशातच तयार करवून घेतलं. आमच्या एकाही पोस्टरवर त्या नव्हत्या. छत्र्या मात्र अकरा होत्या.)

छत्रीचा दुसरा तोटा म्हणजे ओझोन कायम चांगलाच, असं वाटायला लागतं. तोच वायू खाली, आपल्या नाकाशी आला की विष आहे. वर्कशॉपमध्ये आर्क वेल्डिंग चालू असताना येणारा तिखट वास आठवा. आर्कच्या अतिनील किरणांमुळे हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो, त्याचा वास त्यात असतो. जुन्या झेरॉक्स मशीनजवळही तोच वास यायचा. शहरात गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, पेट्रोल-रंगांच्या वाफा आणि कडक ऊन एकत्र आले की तो आपोआप तयार होतो. कुठल्याही सायलेन्सरमधून तो थेट बाहेर पडत नाही, म्हणून पीयूसी काढून सुटका नाही. श्वासनलिका सुजते, खोकला येतो, खोल श्वास घेतला की छातीत दुखतं, दमेकऱ्यांना अटॅक येऊ शकतो. गहू, सोयाबीनच्या पिकांनाही तो भोवतो. आणि हा वायू असल्यामुळे तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही.

उन्हाळ्यात तो दुपारी सर्वात जास्त असतो. आपल्या इंटर-डिपार्टमेंट मॅचेस कधी असतात? मार्च-एप्रिलमध्ये, दुपारी अडीचला! कारण काय, तर सकाळी ग्राउंड मिळत नाही. स्पोर्ट्सच्या सरांना माझी विनंती आहे की निदान इनहेलर वापरणाऱ्या मुलामुलींच्या मॅचेस तरी सकाळी सातला ठेवा. आम्ही उठू. म्हणजे प्रयत्न करू.

आणि एसीचं म्हणाल, तर गॅस परत भरून घेणारं मशीन आपल्याकडे आहे! आरएसी लॅबमध्ये, कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली. व्हायवाला त्याची आकृती विचारतात. लॅबच्या सरांशी बोलले, ते म्हणाले ऑफिसने लेखी मागितलं तर देतो. ऑफिस म्हणतं, लॅबने आधी लेखी कळवावं. दोन्ही अर्ज मीच लिहून ठेवले आहेत, फक्त सह्या हव्यात. सेमिनार हॉलचे उरलेले तीन एसी एप्रिलमध्ये उघडणार आहेत आणि मशीन उचलायला दोघं लागतात. एक मी आहे.