धूर ॲक्सेस कार्ड दाखवून येत नाही

“अरे, सिगरेट ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली आहे की! मग तुझं काय जातं?” आयटीवाल्यांच्या ऑफिसात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. तर मंडळी, काय जातं ते सांगतो.

एक तर धूर काही ॲक्सेस कार्ड दाखवून ये-जा करत नाही. दार उघडलं की तो बाहेर आलाच. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात स्वच्छ लिहिलंय, की दुसऱ्याच्या धुराची ‘सुरक्षित’ अशी पातळीच नाही. वेगळी जागा, एअर प्युरिफायर, एक्झॉस्ट... कशानेही तो पूर्ण जात नाही. आणि सिगरेटला कधी हातही न लावलेल्या माणसाला या धुरामुळे हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा २० ते ३० टक्क्यांनी. आता बोला!

दुसरी गोष्ट कायद्याची. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत स्मोकिंग एरियाची मुभा आहे ती फक्त विमानतळ, किमान ३० खोल्यांची हॉटेलं आणि किमान ३० आसनांची रेस्टॉरंट्स यांना. ऑफिसचं नाव त्या यादीत नाहीच! म्हणजे ती खोली ही कंपनीची उदारता नव्हे, सरळसरळ नियमभंग आहे.

पण आपलं ‘चालायचंच’ कुठे सुटतं? बंद जागेत काम करणाऱ्या भारतीयांपैकी २००९-१० मध्ये २९.९ टक्के लोकांना कामाच्या जागी दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत होता. २०१६-१७ मध्ये? ३०.२ टक्के! बग रिपोर्ट झाला, फिक्स लिहिला, रिलीज मात्र कुणी केलाच नाही.

आणि त्या खोलीतले ॲशट्रे रिकामे करणाऱ्या मावशी? आपण निदान नाक मुरडून डेस्कवर परत येतो. त्यांनी कुठे जायचं?

“पण हे आमचं स्वातंत्र्य आहे!” मान्य. ओढा की, गेटबाहेर, मोकळ्या हवेत. तुमच्या फुफ्फुसांचे मालक तुम्ही, माझ्या फुफ्फुसांचा मी. इतकं साधं आहे.

सोमवारी एक काम करा. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव ऑफिसात लावणं याच नियमांनी बंधनकारक आहे. तक्रार येऊनही जबाबदार माणूस गप्प बसला, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर. तो बोर्ड शोधा. नसेल तर एचआरला मेल टाका, आणि सीसीमध्ये चार जणांना घ्या. एकट्याच्या मेलला उत्तर येत नाही, हे काय मी सांगायला हवं?