हसा म्हटल्याने कोणी हसत नाही

गेल्या वर्षी माझ्या नव्या कादंबरीच्या मलपृष्ठासाठी प्रकाशकांनी एक छायाचित्रकार माझ्या घरी पाठवला. हे सद्गृहस्थ आले ते दोन पेट्या, एक पांढरी छत्री आणि कपाळावर एक आठी घेऊन. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. भिंतीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले आणि आमच्या बैठकीच्या खोलीला उजेडच नाही असा निकाल दिला. मग मला खुर्चीवर बसवले, माझी हनुवटी दोन बोटांनी धरून उजवीकडे वळवली आणि फर्मावले, "मॅडम, जरा विचारवंत दिसा!"

वीस वर्षे मी वर्गात मुलांना 'गप्प बसा' म्हणून फर्मावीत आले आहे. पण 'विचारवंत दिसा' असे मला आजवर कोणी फर्मावले नव्हते. मी प्रयत्न केला. त्या प्रयत्नाचे फळ पुस्तकावर छापलेले आहे. दाढ दुखत असलेल्या बाईचे चित्र ज्यांना पाहायचे असेल त्यांनी ते अवश्य पाहावे.

वाचकहो, हा विनोद इथेच संपला असता तर मी लेखणी उचलली नसती. माझे भांडण त्या एका गृहस्थाशी नाही. त्यांच्या डोक्यात पक्क्या बसलेल्या समजुतीशी आहे. ती समजूत अशी, की फोटो काढणारा तेवढा कलावंत आणि समोरचा माणूस म्हणजे सामान. खुर्ची सरकवावी तसा तो सरकवावा, पडदा ओढावा तसा त्याचा पदर ओढावा. माझे म्हणणे नेमके उलट आहे. फोटो दोघे मिळून काढतात. चेहरा समोरच्याचा असतो. तो त्याने मोकळ्या मनाने दिला तरच कॅमेऱ्याला मिळतो. आणि तो द्यावासा वाटणे हे भिंगावर अवलंबून नसते, भिंगामागच्या माणसाच्या वागण्यावर असते.

यावर दुसऱ्या बाजूचे वकील चर्चिलसाहेबांची गोष्ट हमखास सांगतात. ३० डिसेंबर १९४१ रोजी कॅनडाच्या ऑटावा शहरी पार्लमेंटपुढचे भाषण आटोपून चर्चिल बाहेर आले, तेव्हा यूसुफ कार्श हे छायाचित्रकार कॅमेरा मांडून उभे होते. फोटो काढायचा आहे हे चर्चिलना कोणी आधी सांगितलेच नव्हते. ते वैतागले आणि त्यांनी सिगार पेटवला. कार्श यांनी रक्षापात्र पुढे केले, तरी सिगार काही सुटेना. अखेर 'माफ करा' म्हणून त्यांनी तो सरळ चर्चिलच्या तोंडातून काढून घेतला आणि कळ दाबली. चर्चिलच्या मुद्रेवरचा तो संताप जगप्रसिद्ध झाला. वकील म्हणतात, "पाहा! थोडी दांडगाई केल्यावाचून चेहरा जिवंत होत नाही."

मी विचारते, समोर होते कोण? महायुद्ध चालवणारा पंतप्रधान. तो उठून चालता झाला असता तर त्याला अडवणारा कोण होता? पण तो थांबला, इतकेच नव्हे तर त्याने हसत हसत आणखी एक फोटो काढू दिला. नाही म्हणण्याची ताकद ज्याच्यापाशी पुरेपूर आहे, त्याच्यापुढे केलेला आगाऊपणा धाडस ठरतो. तोच दुबळ्यापुढे केला म्हणजे ती निव्वळ दांडगाई. आमच्याकडचे छायाचित्रकार चर्चिलची गोष्ट सांगतात आणि सिगार मात्र काढून घेतात तो शाळकरी पोरींच्या तोंडातून!

आता शाळकरी पोरीचेच उदाहरण घेऊ. १९८४ साली पेशावरजवळच्या नासिरबाग निर्वासित छावणीत, शाळेच्या तंबूत, स्टीव्ह मॅककरी या अमेरिकन छायाचित्रकाराने एका अफगाण मुलीचा फोटो काढला. १९८५ च्या जूनमध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर झळकला. हिरव्या डोळ्यांची ती मुलगी साऱ्या जगाला ओळखीची झाली. नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हते, छायाचित्रकारालाही नाही. ते कळले २००२ साली. तिचे नाव शरबत गुला. तोपर्यंत आपला तो फोटो तिने स्वतः पाहिलाही नव्हता. त्या दिवसाची तिला आठवण होती ती रागाची: एका परक्या माणसाने आपला फोटो काढला याचा राग. जगातल्या रसिकांनी त्या डोळ्यांत युद्धाची भीती वाचली, निर्वासितांचे दुःख वाचले. तेही तिथे असेल. पण मी शिक्षिका आहे. वर्गात परका पुरुष शिरला म्हणजे मुली कशा पाहतात हे मला कोणी सांगायला नको.

कोणी म्हणेल, छायाचित्रकार सहृदय असला म्हणजे झाले. नाही, नुसत्या दयेनेही भागत नाही. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावी, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, डोरोथिया लँग यांनी एका मजूर आईचे फोटो काढले. लँगबाईंच्या मनात कळवळा होता यात शंका नाही. ते फोटो वर्तमानपत्रात छापून येताच त्या तळावर सरकारने धान्य धाडले. पण तोवर त्या माउलीचे कुटुंब तिथून पुढे निघून गेले होते! लँगबाईंनी तिचे वय विचारले, बत्तीस. नाव विचारले नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना कळले ते १९७८ साली, आणि तेव्हा त्या बाईने बोलून दाखवले की या चित्राचा आपल्याला एक पैसाही मिळाला नाही. चित्र सरकारच्या मालकीचे होते, लँगबाईंनीही त्यावर धन केले नाही, हे खरे. तरी नाव विचारायला पैसे थोडेच पडतात?

जुन्या काळी आपल्याच देशात याहून अधिक समज होती. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी झनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंना नेमले. समोर बसणाऱ्या बाईला संकोच कशाचा वाटेल, याचा विचार कॅमेरा मांडण्याच्या आधी झाला होता.

आमच्या तालुक्याच्या गावीही असा एक म्हातारा छायाचित्रकार होता. वडील गेल्यावर पेन्शनच्या कागदाला आईचा फोटो हवा होता. आई जन्मात कॅमेऱ्यापुढे बसलेली नव्हती, आणि त्यातून कपाळ नुकतेच मोकळे झालेले. ती दुकानाच्या पायरीवरच अडून बसली. त्या माणसाने घाई केली नाही. आतून चहा मागवला, "वहिनी, माहेर कुठलं तुमचं?" म्हणून विचारले. माहेरची नदी निघाली, यात्रा निघाली. मग तोच म्हणाला, "या, आधी तुम्हीच बघा यातून काय दिसतं ते." आईने कॅमेऱ्यातून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अगं बाई, तू तर उलटी दिसतेस!" त्यानंतर ती आपणहून स्टुलावर जाऊन बसली. पेन्शनच्या कागदासाठी काढलेला तोच फोटो आज आमच्या घरात हार घालून लावला आहे, कारण आईचा तिच्यासारखा दिसणारा तेवढाच एक फोटो आहे. त्या माणसाला 'हसा' म्हणावे लागले नव्हते.

ही गोष्ट हौशी लोकांची झाली, धंद्यातल्या मॉडेलला पैसे मिळतात, तिने कुरकूर का करावी, असेही विचारले जाते. पैसे वेळेचे मिळतात, अपमानाचे नव्हे. पोटासाठी उभ्या राहिलेल्या मुलीला नाही म्हणणे अधिकच जड जाते. २०१७ साली फ्रान्समधल्या एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन बड्या फॅशन उद्योगसमूहांना मॉडेलसाठी एक सनदच काढावी लागली. तीत काय होते? कपडे बदलायला आडोसा द्यावा, सोळा वर्षांखालच्या मुलीला प्रौढ बाई म्हणून उभे करू नये. जे घरच्या वळणाने यायला हवे ते सनदेने आणावे लागले, ही शोभेची गोष्ट नव्हे.

इतके सुनावल्यावर माझाही गुन्हा सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत सातवीचा गटफोटो निघाला. छायाचित्रकार मुलांना उभे करीत होता. पहिल्या रांगेत एक हुशार, सावळी मुलगी उभी होती. सकाळपासून दोन वेण्यांना नव्या रिबिनी बांधून आलेली. तो ओरडला, "ए काळे, तू मागं हो, फोटो खराब होतो!" मुले हसली. ती मागे गेली. आणि मी? मी मधल्या खुर्चीवर बसले होते. तास बुडत होता, मुख्याध्यापक घड्याळ पाहत होते. मी काही बोलले नाही. तो फोटो शाळेच्या भिंतीवर आजही आहे. सगळ्यांचे दात दिसतात. मागच्या रांगेत एक मान तेवढी खाली आहे, आणि मधल्या खुर्चीवरच्या बाई छान हसत आहेत.

त्या मुलीची माफी मी पुढे मागितली. ती म्हणाली, "असू द्या बाई." पण फोटोतली मान काही वर झाली नाही, होणारही नाही.

म्हणून या दिवाळीत दोन मागण्या करते. पहिली संपादकांकडे. दलाल-मुळगावकरांच्या कुंचल्यातल्या सुंदरी त्यांच्या कल्पनेतल्या असतील; त्यांना नाव नसले तरी चालते. पण छायाचित्रातली दिव्याचे तबक धरलेली स्त्री कल्पनेतून येत नाही. ती सकाळी डबा घेऊन कुठल्या तरी घरून निघते आणि तास न् तास तबक धरून उभी राहते. मुखपृष्ठाखाली छायाचित्रकाराचे नाव येते. तिची हरकत नसेल तर तिचेही येऊ द्या.

दुसरी मागणी तुमच्याकडे. आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यामुळे हा आरोप केवळ धंदेवाल्यांवर राहिलेला नाही. फराळ करताना घामेजलेल्या काकू, रांगोळी काढणारी सून, पणत्या विकायला दारी आलेली म्हातारी यांच्यापुढे मोबाइल धरण्याआधी त्यांना विचारा. म्हातारीला नावही विचारा. ती नको म्हणाली तर खिशात घाला. आणि हो म्हणाली, तर दोन शब्द बोला. हसायचे की नाही ते तिचे ती ठरवील.